आठांतला एक सैनिक : इरिट्रियाची टक्केवारी आणि आपली 'शिस्त'



"आजकालच्या मुलांना शिस्तच राहिली नाही. बारावी झाली की प्रत्येकाला दोन वर्षं सैन्यात पाठवलं पाहिजे!" हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकलेलं आहे. पालकसभेत ऐकलेलं आहे, स्टाफरूममध्ये ऐकलेलं आहे, लग्नाच्या पंगतीतही ऐकलेलं आहे. त्यामागे मुलांची काळजी असते आणि सैन्याबद्दलचा आदरही असतो. त्यामुळे सहसा कोणी त्याला विरोध करत नाही. माना डोलावतात आणि विषय पुढे सरकतो.

मला मात्र वाटतं की या वाक्याला आपण शिक्षकांनी तरी नुसती मान डोलावू नये. हे वाक्य म्हणजे एक गणित आहे आणि ते सोडवून बघता येतं. ते सोडवायला आठवीच्या मुलाला येणारी शेकडेवारी पुरते. आणि त्याचं उत्तर कसं दिसतं ते पाहायचं असेल तर आफ्रिकेतल्या एका लहान देशाकडे बघावं लागतं. त्याचं नाव इरिट्रिया.

आधी आकडा समजून घेऊ

जागतिक बँक देशोदेशींची जी आकडेवारी प्रसिद्ध करते, तिच्यात एक रकाना असा आहे : देशाच्या एकूण श्रमशक्तीपैकी किती टक्के माणसं सशस्त्र दलांत आहेत. श्रमशक्ती म्हणजे काम करणारे आणि काम शोधणारे असे दोन्ही मिळून. शेतकरी, मजूर, दुकानदार, नर्स, शिक्षक, ड्रायव्हर हे सगळे त्यात आले. लहान मुलं, काम थांबवलेली म्हातारी माणसं आणि काम न शोधणारे त्यात येत नाहीत.

म्हणजे हा एक साधा अपूर्णांक आहे. अंशस्थानी सैनिक, छेदस्थानी श्रमशक्ती. आता ही शेकडेवारी काय सांगते? सैन्य शूर आहे की नाही, हे ती सांगत नाही. देश सुरक्षित आहे की नाही, हेही सांगत नाही. ती एवढंच सांगते की काम करू शकणाऱ्या दर शंभर माणसांमागे किती जण दुसरं काही न करता गणवेशात उभे आहेत.

आपल्यापासून सुरुवात करू. भारताच्या तिन्ही सैन्यदलांत मिळून १५ लाखांच्या आत-बाहेर जवान आणि अधिकारी आहेत. सीमा सुरक्षा दल, केंद्रीय राखीव पोलीस दल वगैरे केंद्रीय दलं धरली तर आणखी सुमारे १० लाख. सोयीसाठी देशाची श्रमशक्ती ५५ कोटी धरू. २५ लाख भागिले ५५ कोटी म्हणजे अर्ध्या टक्क्याच्या आसपास. साधारण दोनशे कामकरी माणसांमागे एक जण. जगातल्या सर्वांत मोठ्या सैन्यांपैकी एक सैन्य आपलं आहे आणि तरी वाटा एवढाच. लोकसंख्या मोठी असल्यामुळे छेद मोठा, म्हणून शेकडेवारी लहान.

आता लाल समुद्राच्या काठी जाऊ

इरिट्रिया क्षेत्रफळाने महाराष्ट्राच्या निम्म्याहून लहान आहे. राजधानी अस्मारा. इटालियन राजवटीत बांधलेल्या तिथल्या इमारतींमुळे २०१७ साली या शहराचा समावेश जागतिक वारसा यादीत झाला. १९६१ ते १९९१ अशी तीस वर्षं इथिओपियाशी लढून या लोकांनी स्वातंत्र्य मिळवलं आणि १९९३ मध्ये सार्वमत घेऊन ते जगाच्या नकाशावर आले. या लढ्यात स्त्रियाही मोठ्या संख्येने बंदूक घेऊन उभ्या होत्या. तेव्हा सैन्याबद्दलचा अभिमान तिथे कोणी शिकवावा लागत नव्हता. घराघरांत तो होताच.

या देशाच्या सैन्याचा आकडा बरीच वर्षं सुमारे २ लाख असा दिला जातो. लोकसंख्या? संयुक्त राष्ट्रांच्या अलीकडच्या अंदाजांनुसार ३५ लाखांच्या आसपास. म्हणजे श्रमशक्ती ढोबळमानाने १६ लाख धरता येईल. करा भागाकार. साडेबारा टक्के. आठ कामकरी माणसांमागे एक सैनिक!

आपल्या गावात हे कसं दिसेल, जरा डोळ्यांसमोर आणा. तुमच्या गल्लीत कमावणारी चाळीस माणसं असतील तर त्यांतली पाच गणवेशात. राहिलेल्या पस्तिसांनी शेती करायची, दुकानं चालवायची, दवाखाने बघायचे आणि गणवेशातल्या पाचांच्या जेवणाखाण्याचा खर्चही काढायचा. शिवाय ते पाच कोण? म्हातारे नव्हेत. वीस-पंचवीस-तिशीतले, अंगात सगळ्यात जास्त ताकद असलेले.

हे एका दिवसात झालं नाही

इरिट्रियाने १९९५ मध्ये राष्ट्रीय सेवेचा कायदा केला. १८ ते ४० वयाच्या प्रत्येक स्त्री-पुरुषाने १८ महिने सेवा करायची. त्यांतले ६ महिने लष्करी प्रशिक्षण आणि १२ महिने प्रत्यक्ष काम. कागदावर वाचलं तर हे अगदी आपल्या पंगतीतल्या वाक्यासारखंच आहे, नाही का? दीड वर्ष देशासाठी द्या, शिस्त शिका, देशबांधवांना ओळखा आणि घरी परत या.

मे १९९८ मध्ये बादमे या सीमेवरच्या गावावरून इथिओपियाशी युद्ध पेटलं. दोन वर्षं चाललं. दोन्ही बाजूंची हजारो माणसं मेली. डिसेंबर २००० मध्ये अल्जीयर्सला करार झाला. २००२ मध्ये सीमा आयोगाने बादमे इरिट्रियाला दिलं, पण इथिओपियाने ताबा सोडला नाही. युद्ध नाही, पण शांतताही नाही, अशी अवस्था पुढे सोळा वर्षं टिकली.

इथे इरिट्रिया सरकारची बाजूही मुलांना सांगितली पाहिजे. शेजारी कितीतरी पटीने मोठा, निकाल आपल्या बाजूने लागूनही जमीन परत मिळत नाही, मग सैन्य कमी कसं करायचं, असा त्यांचा सवाल होता. तो खोटा नव्हता. पण त्याचा परिणाम काय झाला? २००२ मध्ये सरकारने 'वारसाय-यिकेआलो' नावाची विकास मोहीम जाहीर केली आणि १८ महिन्यांच्या सेवेला शेवटच उरला नाही. कायद्याच्या पुस्तकात दीड वर्ष तसंच राहिलं. प्रत्यक्षात माणसं पाच वर्षं, दहा वर्षं, काही जण त्याहून जास्त काळ सेवेतच अडकली. सुटी कधी मिळेल, घरी कधी जायचं, लग्न कधी करायचं, हे ठरवणारे दुसरेच.

जुलै २०१८ मध्ये इथिओपियाशी समझोता झाला. त्याबद्दल २०१९ चं शांततेचं नोबेल इथिओपियाचे पंतप्रधान अबिय अहमद यांना मिळालं. ज्या कारणासाठी एवढं सैन्य ठेवलं होतं ते कारण संपलं. मग मुलं घरी आली का? नाही. सेवा तशीच सुरू राहिली. २०२० च्या अखेरीस इथिओपियाच्या टिग्रे प्रांतात युद्ध सुरू झालं आणि त्यात इरिट्रियाचं सैन्यही उतरलं. अडचणीच्या काळापुरती म्हणून आणलेली सक्ती अडचण संपल्यावर आपोआप जात नाही, ही गोष्ट मला या देशाच्या इतिहासातून सगळ्यात ठळक दिसते.

बारावीचा वर्ग छावणीत

आता आपल्या, म्हणजे शिक्षकांच्या, अगदी जवळचा मुद्दा.

२००३ पासून इरिट्रियात बारावीचं वर्ष सावा इथे करावं लागतं. सावा हे देशाच्या पश्चिमेकडचं, सुदानच्या बाजूचं लष्करी प्रशिक्षण केंद्र. घरापासून दूर, उष्ण, ओसाड भाग. देशभरातली मुलं-मुली तिथे जातात, अभ्यास आणि कवायत बरोबरीने करतात आणि तिथेच शालान्त परीक्षा देतात. चांगले गुण पडले तर कॉलेज. नाही पडले तर व्यवसाय प्रशिक्षण किंवा सरळ सैन्य. कॉलेजात गेलेल्यांचीही सेवा सुटत नाही. पदवी घेतल्यावर सरकार सांगेल तिथे काम करायचं.

आणि 'सांगेल तिथे' मध्ये शाळाही आल्या बरं का! इरिट्रियातल्या शाळांत शिकवणारे कितीतरी शिक्षक हे राष्ट्रीय सेवेतले तरुण आहेत. त्यांनी शिक्षक व्हायचं ठरवलेलं नाही, त्यांना नेमलेलं आहे. विषय, गाव, किती वर्षं, काहीच त्यांच्या हातात नाही. पगार इतका कमी की त्यावर घर चालत नाही. ह्यूमन राइट्स वॉच या संस्थेने २०१९ मध्ये याच विषयावर मोठा अहवाल काढला. त्यात असं दिसतं की शिक्षक संधी मिळताच देश सोडून जातात, मग वर्ग रिकामे राहतात किंवा दुसरा कोणीतरी नवखा येऊन उभा राहतो.

विद्यार्थी काय करतात? सावाला जावं लागू नये म्हणून काही मुलं मुद्दाम नापास होतात. काही अकरावीच्या आधीच शाळा सोडतात. मुलींची लग्नं लवकर लावली जातात, कारण लग्न झालेल्या आणि आई झालेल्या मुलींना सहसा सेवेत घेत नाहीत. बघा हं, शिस्त लावण्यासाठी आणलेल्या योजनेमुळे मुलं मुद्दाम नापास व्हायला शिकली आणि मुलींचं शिक्षण लग्नाने थांबलं. आपल्याकडे बालविवाह थांबवण्यासाठी झटणाऱ्या शिक्षिकांना हे वाचून काय वाटेल?

ज्यांना जमतं ते पळून जातात. इरिट्रियातून बाहेर पडून आश्रय मागणाऱ्यांची संख्या पाच लाखांच्या वर गेली आहे. ३५ लाखांच्या देशात हा आकडा केवढा, याचाही भागाकार मुलांना करू द्या. २०१६ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या चौकशी आयोगाने या बेमुदत सेवेला गुलामगिरीच्या पंक्तीत बसवलं. इरिट्रिया सरकारने हे आरोप फेटाळले आहेत.

टक्केवारी वाचताना सावध

इथपर्यंत वाचून 'साडेबारा टक्के' हा आकडा पाठ करायला देऊ नका, ही माझी विनंती. कारण त्यातही गोम आहे.

पहिली गोम छेदात. स्वातंत्र्यानंतर इरिट्रियात एकदाही जनगणना झालेली नाही. काही अंदाज लोकसंख्या ६० लाखांपर्यंत नेतात. त्याच प्रमाणात श्रमशक्ती २७ लाख धरली तर वाटा साडेसात टक्क्यांच्या खाली येतो. सैनिक तेवढेच, छेद बदलला, उत्तर जवळपास निम्मं झालं! (तरीही ते आपल्या पंधरा पट आहे, हे विसरू नका.)

दुसरी गोम अंशात. सैनिक कोणाला म्हणायचं? रस्ता खणणारा, सरकारी शेतात राबणारा, कचेरीत टाचण लिहिणारा आणि वर्गात बीजगणित शिकवणारा असे सगळे राष्ट्रीय सेवेतच असतील, तर २ लाखांत कोण धरले आणि कोण सोडले? बिशा इथल्या खाणीत आपल्याला राष्ट्रीय सेवेच्या नावाखाली राबवलं, असा दावा काही इरिट्रियन कामगारांनी कॅनडात केला आणि २०२० मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तो खटला पुढे चालवायला परवानगी दिली. म्हणजे सैनिक आणि वेठबिगार यांच्यातली रेघ किती पुसट झाली, ते बघा.

याच्या उलट कोस्टा रिका. या मध्य अमेरिकेतल्या लहान देशाने १ डिसेंबर १९४८ रोजी सैन्यच बंद करून टाकलं. होसे फिगेरेस यांनी राजधानीतल्या छावणीच्या भिंतीवर हातोडा मारून ते जाहीर केलं. आज तिथे राष्ट्रीय संग्रहालय आहे. १९४९ च्या संविधानातही कायमस्वरूपी सैन्याला मनाई आहे. मग तक्त्यात त्यांचा वाटा शून्य असेल ना? नाही! तिथल्या सुमारे १० हजार सशस्त्र पोलिसांना तक्त्यात धरतात आणि वाटा ०.४ टक्क्याच्या आसपास येतो. जवळपास आपल्याइतकाच! एकाकडे लाखोंचं सैन्य, दुसऱ्याकडे सैन्यच नाही, आणि शेकडेवारी शेजारी-शेजारी. आकडा कोणाला मोजून आला हे विचारल्याशिवाय तो वापरू नये, हे शिकवायला याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

"पण इस्राएल? सिंगापूर?"

हा प्रश्न येणारच. रास्त आहे.

सिंगापूरमध्ये १९६७ पासून मुलांना सक्तीची सेवा आहे. आज ती दोन वर्षांची आहे. एका वेळी गणवेशात असलेले साधारण ५० हजार आणि श्रमशक्ती ३५ लाखांच्या वर, म्हणजे वाटा दीड टक्क्याच्या आत. मुदत संपली की मुलगा घरी येतो, कॉलेजला जातो. नंतर ठरावीक वयापर्यंत वर्षातले काही दिवस सरावाला बोलावतात. इरिट्रियापेक्षा फरक कुठे आहे? तिथे संपण्याची तारीख खरी आहे.

इस्राएलशी तर आपलं मराठी नातंच आहे. अलिबाग, पेण या भागांतून तिकडे गेलेल्या बेने इस्राएली कुटुंबांत आजही मराठी ऐकू येते आणि त्यांची मुलं-मुलीही तिथल्या नियमाप्रमाणे सैन्यात जातात. तिथे कायम सेवेतले सुमारे पावणेदोन लाख, म्हणजे श्रमशक्तीच्या ४ टक्क्यांच्या आसपास. ऑक्टोबर २०२३ मध्ये युद्ध सुरू झाल्यावर जवळपास ३ लाख राखीव सैनिकांना बोलावलं गेलं. म्हणजे कंपन्यांतले, शाळांतले, दवाखान्यांतले लोक एकदम कामावरून उठून गेले. त्याचा फटका अर्थव्यवस्थेला बसला. शिवाय सक्ती सगळ्यांना सारखी होती असंही नाही. कट्टर धार्मिक ज्यू समाजातल्या विद्यार्थ्यांना अनेक दशकं सूट होती आणि २०२४ मध्ये न्यायालयाने त्यांनाही भरती करा असा निकाल दिल्यावर मोठा वाद पेटला.

या दोन्ही देशांनी सक्ती आणली ती मुलांना वळण लावण्यासाठी नव्हे. लोकसंख्या लहान, त्यामुळे स्वेच्छेने पुरेसं सैन्य उभं राहत नव्हतं, ही त्यांची अडचण होती. आपल्याला ती अडचणच नाही. भरतीच्या मैदानावर पहाटे चारला किती पोरं उभी असतात ते आपण बघतोच.

आता पंगतीतलं वाक्य सोडवू

भारतात दर वर्षी ढोबळमानाने अडीच कोटी मुलं-मुली १८ वर्षांची होतात. प्रत्येकाला दोन वर्षं. म्हणजे कोणत्याही दिवशी ५ कोटी तरुण छावण्यांत. आपल्या आजच्या तिन्ही दलांच्या तेहेतीस पट! ५ कोटी भागिले ५५ कोटी, म्हणजे ९ टक्के. सरळ इरिट्रियाच्या पंक्तीत. "बरं, फक्त मुलगे घेऊ" म्हणाल तरी साडेचार टक्क्यांच्या पुढे, म्हणजे इस्राएलच्या वर.

त्यांना शिकवणार कोण? आजचे सगळे १५ लाख जवान सीमा सोडून प्रशिक्षक झाले तरी एकेकाच्या वाट्याला तेहेतीस पोरं येतात. जेवण, कपडे, दवाखाना, राहण्याची सोय, त्याचा खर्च कुठल्या रकान्यातून काढायचा? शाळांच्या? आणि त्या दोन वर्षांत ही ५ कोटी मुलं जे शिकली असती, जे कमावलं असतं, शेतात-कारखान्यात जे केलं असतं, तेही खर्चात धरायला हवं. अर्थशास्त्रात याला संधी खर्च म्हणतात. इरिट्रियाने तीस वर्षं तो भरला आहे.

माझं मत स्पष्ट आहे. शिस्त लावणं हे घराचं आणि शाळेचं काम आहे. ते आपल्याला जमत नाही म्हणून सैन्याच्या गळ्यात घालणं सैन्यावरही अन्याय आहे आणि मुलांवरही. सैन्याचं काम देशाचं रक्षण करणं आहे आणि त्याला मनापासून आलेली माणसं लागतात. साताऱ्याजवळचं 'अपशिंगे मिलिटरी' आठवा. गावाच्या नावातच मिलिटरी आहे, पिढ्यान्‌पिढ्या घराघरांतून जवान गेले आहेत. तिथला सैनिकांचा वाटा काढला तर मोठ्यामोठ्या देशांना मागे टाकेल. पण तिथे कोणाला धरून नेत नाहीत. तिथला मुलगा आजोबांचं, वडिलांचं बघून स्वतः मैदानावर धावायला जातो. अपशिंग्यात आणि सावात मला हाच फरक दिसतो. मुलांना सैन्याची ओढ असेल तर सैनिक शाळा आहेत, एनसीसी आहे. दोन्हीकडे दार उघडं आहे, आत जायचं की नाही ते मूल आणि पालक ठरवतात.

वर्गात काय करता येईल?

एक तास पुरतो. फळ्यावर पाच देश लिहा : इरिट्रिया, इस्राएल, सिंगापूर, भारत, कोस्टा रिका. वरचे ढोबळ आकडे द्या आणि शेकडेवारी मुलांना काढू द्या. मग इरिट्रियाचा छेद बदलून पुन्हा काढायला सांगा. शेवटी प्रत्येक उत्तरासमोर मुलांनी दोन प्रश्न लिहायचे : यात कोण मोजलं? आणि त्यांना परत घरी कधी जाता येतं?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर कुठल्याच तक्त्यात नाही. ते मुलांना नकाशा, इतिहास आणि नागरिकशास्त्र उघडून शोधावं लागेल. शोधू द्या. आणि पुढच्या पालकसभेत ते नेहमीचं वाक्य आलं, तर या वेळी मान डोलावण्याआधी खडू घेऊन फळ्यावर हा भागाकार मांडा.